लेकरांना धर्मांची ओळख पुस्तकांतून: निवड कशी करावी, वाचावं कसं, प्रश्नांना काय सांगावं

नांदेडचं लेकरू निळ्या-केशरी पगड्या बघत मोठं होतं. खुलताबादचं लेकरू दर्ग्याच्या अंगणात लपाछपी खेळतं, परळीचं वैजनाथाच्या पायऱ्यांवर. लातूर-धाराशिवकडे वर्गात गळ्यात इष्टलिंग असलेली लिंगायत मुलं असतात आणि जवळपास प्रत्येक गावात एक बुद्धविहार असतो. मराठवाड्यात वेगवेगळे धर्म गल्लीतच भेटतात. तरीही शेजारच्या घरात काय आणि का चालतं, हे लेकराला फार थोडं ठाऊक असतं. ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो, पहाटे बांग ऐकू येते, चौदा एप्रिलला निळे झेंडे लागतात. कारण कुणी समजावून सांगत नाही. कानावर पडतात ते मोठ्यांच्या बोलण्यातले अर्धवट शब्द, आणि तेच मनात घर करतात. ते शब्द पोचण्याआधी चांगलं पुस्तक पोचलेलं बरं.

इथं दिलेली पद्धत तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी आई-बाबा, आजी-आजोबा ती वापरू शकतात, तसंच अंगणवाडीताई, पहिली-दुसरीचे शिक्षक आणि गावच्या वाचनालयाचे ग्रंथपालही.

आधी जवळचं, मग लांबचं

‘जगातले प्रमुख धर्म’ अशा नावाचं एकच जाड पुस्तक आणून सुरुवात करू नये. त्यात प्रत्येक धर्माला चार-चार पानं असतात: संस्थापक, ग्रंथ, चिन्ह, सण. सहा वर्षांखालच्या मुलाला त्यातलं काही धरता येत नाही. त्याला माणसं लागतात, घर लागतं, खायची वस्तू लागते. असं पुस्तक आठव्या वर्षानंतर नकाशा म्हणून कामाला येतं.

सुरुवात लेकराने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपासून करावी. नांदेडमध्ये पहिलं पुस्तक लंगरवरचं, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सगळ्यांसाठीच्या जेवणावरचं असू शकतं, कचनेर किंवा कुंथलगिरीजवळ राहणाऱ्यांसाठी जैन घरावरचं, जालन्यात नाताळावरचं. दुसऱ्या फेरीत गल्लीतले उरलेले शेजारी घ्यावेत. तिसऱ्या फेरीत महाराष्ट्रातले, पण आपल्याकडे सहसा न भेटणारे: पारशी आणि बेने इस्राएल. बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडचे ज्यू. ते शेकडो वर्षं कोकणात राहिले, घरात मराठी बोलले. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथला, घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एवढं सांगितलं तरी ज्यू धर्मातला विश्रांतीचा दिवस पाच वर्षांच्या मुलाला नीट कळतो, कारण घाणा थांबलेला त्याला डोळ्यांपुढे दिसतो. चौथ्या फेरीत जपान, चीन, आफ्रिका, आणि कुठलाच धर्म न पाळणारी घरंसुद्धा. ती आपल्याकडेही आहेत आणि यादीतून हटकून गळतात.

वेग कमी ठेवावा. पंधरा दिवसांना एक पुस्तक, आणि त्या पंधरा दिवसांत तेच पुस्तक चार-पाचदा. वर्षाला बारा ते पंधरा पुस्तकं भरपूर झाली. आठवड्यात पाच धर्म उरकले की मुलाच्या डोक्यात नुसता काला होतो: येशू लंगरमध्ये जेवतो आणि महावीर ईदचा चंद्र बघतात.

दुकानात उभ्या-उभ्या पुस्तक तपासताना

आधी चित्रं बघावीत, मजकूर मागून. चित्रातलं मूल आजच्या घरात राहतं का? मुस्लीम मुलावरच्या पुस्तकात वाळवंट, उंट आणि पांढरे झगेच असतील, तर ते पुस्तक बीडच्या मुलाला त्याच्या वर्गातल्या मित्राबद्दल काही सांगत नाही. उलट तो मित्र परका वाटायला लागतो. त्याच मित्राची आई दखनी बोलते, ज्वारीची भाकरी थापते, त्याचे बाबा गॅरेज चालवतात. ख्रिस्ती म्हणजे बर्फ आणि घसरगाडी असंही अनेक पुस्तकांत असतं. बर्फाची पुस्तकं घ्यावीत, पण तेवढीच घेऊ नयेत.

मोहम्मद पैगंबरांचं चित्र असलेलं पुस्तक घेऊ नये. मुस्लीम समाजात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत, आणि या बाबतीत बेफिकीर असणारं पुस्तक इतरही बाबतींत बेफिकीर असतं. शिखांच्या दहा गुरूंना कार्टूनसारखं रंगवलेलं असेल तरी तेच समजावं. लेखक-चित्रकाराने त्या समाजातल्या कुणाला विचारलेलं नाही, हे अशा चित्रांतून लगेच कळतं.

मग मजकूर. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी पानावर दोन ओळी, एकूण बारा ते सोळा पानं. पाच-सहा वर्षांसाठी पानावर चार ते सहा ओळी. सात-आठ वर्षांचं मूल परिच्छेद ऐकू शकतं, पण एका बैठकीत वीस मिनिटांपलीकडे नाही. कुठलंही एक पान मोठ्याने वाचून बघावं. जीभ अडखळली तर भाषांतर कच्चं आहे. नाताळच्या पुस्तकात बाळ येशूला ‘लाकडी पेटीत’ किंवा ‘पाळण्यात’ ठेवलेलं असेल, तर भाषांतरकाराला शब्द सापडलेला नाही. मराठी बायबलात तिथं ‘गव्हाण’ आहे. गोठा बघितलेल्या लेकराला त्या एका शब्दात गाय, कडबा, थंडी आणि गरिबी सगळं कळतं. चुकीचा शब्द छापला असेल तर पेन्सिलीने खोडून योग्य शब्द वर लिहावा. पुस्तक टाकून द्यायची गरज नाही.

शेवटची चाचणी भीतीची. येशूचा क्रूस, करबलात पैगंबरांचे नातू हुसेन यांचं बलिदान, शिखांचे गुरू तेगबहादूर यांचं बलिदान या त्या-त्या धर्माच्या गाभ्यातल्या गोष्टी आहेत, पण त्यांची रक्ताळलेली चित्रं सहा वर्षांखालच्या मुलापुढे ठेवू नयेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला ‘त्यांना मारलं, पण त्यांनी आपला शब्द सोडला नाही’ एवढं सांगता येतं.

पुस्तकं मिळवण्याचे मार्ग बरेच आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता आणि छापता येतात, आणि मुक्त परवान्यामुळे आपल्या बोलीत बदलून घ्यायलाही हरकत नसते. गावात अ, ब, क, ड यांपैकी कुठल्याही वर्गाचं सार्वजनिक वाचनालय असेल तर खरेदीच्या यादीत आपली मागणी लेखी द्यावी, तोंडी सांगितलेलं राहून जातं. गुरुद्वारा, दर्गा, विहार, जैन मंदिर यांच्या बाहेरच्या दुकानांतली पुस्तकं श्रद्धावंतांसाठी लिहिलेली असतात. त्यांतली चित्रं उपयोगी पडतात, मजकूर मात्र मोठ्यांनी आधी वाचून आपल्या शब्दांत सांगावा.

आहे, होतं, मानतात

सगळ्यात जास्त चुका होतात त्या क्रियापदात. वाचणारा माणूस स्वतःच्या धर्माबद्दल बोलताना ‘रामाने पूल बांधला’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या धर्माबद्दल ‘त्यांच्यात असं मानतात की…’ म्हणतो. दोन्ही वाक्यं वेगवेगळी ऐकली तर निर्दोष वाटतात. लेकरू मात्र ती शेजारी-शेजारी ऐकतं आणि निष्कर्ष काढतं: आमचं खरं, त्यांचं नुसतं मानायचं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, आपल्या व्याकरणातून ते शिकतं.

म्हणून सगळ्यांना एकच क्रियापद. गोष्ट असेल तर सगळीकडे ‘गोष्टीत असं आहे’. श्रद्धा असेल तर सगळीकडे ‘मानतात’, आणि आपल्या घराबद्दल ‘आपण मानतो’. इतिहास असेल तर सगळीकडे सरळ विधान: गुरू गोविंदसिंगांचं निधन 1708 साली नांदेडला झालं, बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. गोष्ट, श्रद्धा आणि इतिहास या तीन खणांत वाक्य नीट पडलं की पुढची अर्धी भांडणं होतच नाहीत. वाचायच्या आधी पुस्तकातली अशी वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावीत. ऐन वाचताना सुधारायला गेलं की जुनी सवय तोंडात येते.

‘ते लोक’ हा शब्दही टाळावा. ‘आयेशाच्या घरी’, ‘मनप्रीतच्या घरी’ असं पुस्तकातल्या मुलाच्या नावाने बोलावं. आणि ‘मुस्लीम मांस खातात’, ‘जैन कांदा खात नाहीत’ असं सरसकट सांगण्याऐवजी ‘काही घरांत’, ‘बऱ्याच घरांत’ म्हणावं. प्रत्येक धर्मात कडक पाळणारी घरं असतात आणि सैल पाळणारीही.

वाचायची बैठक

दहा ते पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी. पहिल्या दिवशी पुस्तक न थांबता, न विचारता सलग वाचावं. दुसऱ्या वेळी दोनच चित्रांवर थांबावं आणि ‘इथं काय काय दिसतंय?’ एवढंच विचारावं. तिसऱ्या वेळी लेकराला सांगू द्यावं. चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नये, पुन्हा ते पान उघडावं, चूक त्याची त्यालाच दिसते. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याचं उत्तर मुलं मोठ्यांना खूश करायला देतात.

लिपी हा या वयातला मोठा खजिना आहे. बालभारती उर्दू माध्यमाचीही पाठ्यपुस्तकं काढते. पहिलीचं उर्दू पुस्तक शेजारून मागून आणावं आणि मराठी पुस्तकाशेजारी ठेवावं. उर्दू पुस्तक आपल्या मलपृष्ठाकडून उघडतं आणि ओळ उजवीकडून डावीकडे चालते. ज्यूंची हिब्रूही तशीच चालते. गुरुमुखी आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे, डोक्यावर रेघ घेऊन. लेकराने बोट ठेवून दोन्ही दिशांनी ओळ चालवली की ‘वेगळं’ म्हणजे ‘उलटं’ किंवा ‘चुकीचं’ नव्हे, हे बोटालाच कळतं.

मूळ धर्मग्रंथ मात्र खेळण्यांच्या कपाटात ठेवू नयेत. कुराण रेहालवर, म्हणजे लाकडी घडीच्या स्टँडवर ठेवतात, वजू करून, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन हात लावतात. गुरू ग्रंथसाहिबाला शीख जिवंत गुरू मानतात, रुमाल्यात ठेवतात, समोर डोकं झाकून बसतात. या वयाच्या मुलांना त्यांची चित्रं दाखवावीत आणि ते असं का जपतात ते सांगावं. आपल्या देवघरातली पोथी कापडात बांधलेली असतेच, तिची आठवण दिली की पुरे.

वर्गात वाचत असाल तर एक सीमा पक्की धरावी. संविधानाच्या 28व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणून पुस्तकातून ओळख करून द्यायची; मुलांकडून नमाज, आरती, वंदना, अरदास करवून घ्यायची नाही, नाटकातसुद्धा नाही. पालकांनी विचारलं तर पुस्तकच त्यांच्या हातात द्यावं आणि वाचायला सांगावं. पुस्तकांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत दाखवलेली असली की शंका तिथंच फिटतात.

अवघड प्रश्न

‘हे खरंच झालं का?’ तीन खणांपैकी कुठला ते सांगावं. ‘ही गोष्ट खूप जुनी आहे, पुष्कळ लोकांना ती खरी वाटते, काहींना ती शिकवणीची गोष्ट वाटते.’ पुढे स्वतःचं मत द्यायचं असेल तर ‘मला असं वाटतं’ म्हणून द्यावं.

‘आपला देव मोठा का त्यांचा?’ या प्रश्नाला ‘सगळे देव एकच’ हे उत्तर आपण पटकन देतो. ते गोड आहे, पण बरोबर नाही. बौद्ध आणि जैन विचारात जग निर्माण करणारा देव मानत नाहीत. सगळं एकच म्हटलं की लेकरू फरक बघायचं सोडून देतं. त्यापेक्षा ‘देव कसा असतो याबद्दल माणसांचं वेगवेगळं म्हणणं आहे, मोठा-छोटा मोजायचं माप कुणाकडे नाही’ असं सांगावं.

‘त्यांच्या मशिदीत मूर्ती का नाही?’ ‘देवाचा आकार काढता येत नाही, असं ते मानतात. म्हणून भिंतीवर सुंदर अक्षरं आणि वेली काढतात.’

‘बाबासाहेबांनी धर्म का बदलला?’ मराठवाड्यात हा प्रश्न येतोच, आणि बऱ्याच घरांत इथं विषय बदलला जातो. तसं करू नये. शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळं बसवत, पाण्याला हात लावू देत नसत, हे सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतं. ‘माणसामाणसांत उच्च-नीच नसावं, असं त्यांना वाटत होतं. बुद्धाच्या शिकवणीत त्यांना ते सापडलं.’ एवढं सरळ सांगावं. अन्याय कुणी केला असं मुलाने विचारलं तर तेही लपवू नये: ‘त्या काळी बऱ्याच लोकांनी केला, आपल्यातल्यांनीही. ते चूक होतं.’ ज्या वर्गात बौद्ध मुलं बसलेली आहेत, तिथं हे उत्तर गुळमुळीत असेल तर ती मुलं ते लगेच ओळखतात.

वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याच्या धर्माचा वक्ता मात्र करू नये. ‘सलमान, तूच सांग ना रोजा काय असतो’ म्हटलं की सात वर्षांच्या पोरावर साऱ्या समाजाचं ओझं येतं. त्याला आपणहून बोलायचं असेल तर बोलू द्यावं.

सणांची गाठ आणि लेण्यांची वाट

पुस्तक सणाच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करावं, म्हणजे सण येईपर्यंत गोष्ट ओळखीची होते. फक्त कॅलेंडर बघून घ्यावं. हिजरी, म्हणजे मुस्लीम कालगणनेचं वर्ष सुमारे 354 दिवसांचं असल्याने ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. आपल्या पंचांगात अधिक मास घालून हा फरक भरून काढतात, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच राहते. आठ वर्षांच्या मुलाला हे चंद्राची चित्रं काढून दाखवता येतं. पण पुस्तकं सणांपुरतीच ठेवू नयेत. सणाच्या पुस्तकात सगळे नटलेले असतात. एखाद्या साध्या मंगळवारी दुकान उघडणारे, गृहपाठ करणारे लोकही दिसायला हवेत.

पुस्तकानंतर जागा बघायला मराठवाड्याइतकी सोय क्वचितच कुठं असेल. वेरूळच्या 34 लेण्यांत पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन. तिथून खुलताबाद काही किलोमीटरवर. पण हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नये. पाच वर्षांच्या मुलाला एका फेरीत तीन लेणी पुरतात: दहावं, सोळावं, बत्तिसावं. दहाव्यात वर बघायला सांगावं, दगडात लाकडी वाशांसारख्या बरगड्या कोरल्या आहेत. बत्तिसावं लांब आहे, तिथं वाहनाने जावं. बुद्ध आणि जैनांचे तीर्थंकर यांच्या मूर्तींत मोठी माणसंही गोंधळतात, म्हणून घरूनच पुस्तकातली दोन चित्रं समोर ठेवून तयारी करावी. बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र असतं, एक खांदा बहुधा उघडा. वेरूळचे तीर्थंकर वस्त्राविना आहेत. डोक्यावर नागाचा फणा दिसला तर पार्श्वनाथ, पायांवर वेली चढलेल्या दिसल्या तर बाहुबली, ते तीर्थंकर नव्हेत, पण जैनांना पूज्य आहेत. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.

अजिंठ्याला जायच्या आधी वानरराजाची जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट वाचावी. तो आपल्या अंगाचा पूल करतो आणि सगळी माकडं त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात. सतराव्या लेण्यात ती रंगवलेली आहे. आत अंधार असतो आणि फ्लॅश चालत नाही. गोष्ट आधी ठाऊक नसेल तर लेकराला नुसती काळपट भिंत दिसते.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला घरूनच रुमाल न्यावा, आणि लंगरमध्ये खाली बसून जेवावं. तिथं त्याला ‘पंगत’च म्हणतात, आपलाच शब्द. आणि गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत हे तिथंच सांगावं. नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यात. विठ्ठलाची गाणी म्हणणारा आपला माणूस पंजाबच्या ग्रंथात कसा पोचला, हे नकाशावर बोट फिरवत दाखवावं.

ताटांचं पुस्तक

जे पुस्तक बाजारात मिळत नाही ते घरी करावं. विषय सोपा: आपल्या गल्लीतली सणाची ताटं. ए-फोर आकाराचे चार कागद एकत्र मध्ये दुमडले की सोळा पानं होतात. मुखपृष्ठाला जुनी जाड लग्नपत्रिका. घडीवर दाभणाने पाच भोकं पाडावीत आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवावं. स्टेपलरच्या पिना गंजतात आणि लहान बोटांना टोचतात.

एका घराला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर लेकराने काढलेलं ताटाचं चित्र, उजव्या पानावर त्या घरच्या माणसाने सांगितलेल्या तीन ओळी: पदार्थ कुठला, कधी करतात, का करतात. ओळी जशा सांगतील तशाच लिहाव्यात, दखनीत असतील तर दखनीत. शेजारच्या खालाने ‘सेवय्या’ म्हटलं असेल तर ‘शेवया’ करू नये. बुद्धपौर्णिमेची खीर, नाताळच्या करंज्या, गुरुद्वाऱ्याचा कडाह प्रसाद, होळीची पोळी, जैनांच्या पर्युषणातलं दिवस मावळायच्या आधीचं जेवण. लिहून झालं की ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवावं आणि ते म्हणतील ती दुरुस्ती करावी. नावं द्यायची की नाही तेही त्यांनाच विचारावं.

सोळा पानांत सहा-सात घरं बसतात. शेवटची दोन पानं कोरी ठेवावीत, गल्लीत नवीन कुणी राहायला आलं तर त्यांच्या ताटासाठी.